माग चालू असताना सांगितलेलं

स्टेजवर मी दीड तास बोलतो आणि घरी जेवताना मीठ हवं असलं तरी हात लांब करून स्वतःच घेतो. बायको पाहुण्यांना सांगते, "लोकांना वाटतंय ह्यांच्या घरात रोज हशा असंल. आमच्या घरात भांडीच तेवढी बोलत्यात." ती हे चिडून म्हणत नाही. पंचवीस वर्षं तिनं मला असाच धरून चालवलंय. पण आता जे लिहिणार आहे ते मी तिलासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. पन्नाशी ओलांडून तीन वर्षं झाली. पुरं सांगायचं असं ठरवलंय, आणि या वेळी ठरवलंय ते करणार.

मी बेळगावातल्या वडगावचा, विणकराच्या घरातला. दिवसा एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटलीतल्या बेडकावरची धूळ पुसून त्याला परत कपाटात ठेवायचं, ही माझी नोकरी. संध्याकाळी आणि रविवारी मी विनोदी नट. गणपतीतले मांडव, पतसंस्थांचे वर्धापनदिन, शाळांची गॅदरिंग, कुठं बोलावतील तिथं जातो. खानापूर, चिकोडी, निपाणी आणि हद्दीपलीकडं गडहिंग्लज-कागलपर्यंत लोक मला ओळखतात. नावानं नाही, 'कुजबुजवाला' म्हणून.

कुजबुज म्हणजे माझी पंधरा मिनिटांची नक्कल. यंत्रमागावर आयुष्य घातलेला एक माणूस लग्नासाठी मुलगी बघायला जातो. मागांच्या आवाजानं त्याचे कान गेलेत, त्यामुळं स्वतःचा आवाज त्याला कळत नाही. तो मामाच्या कानात कुजबुजतो आणि ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. एवढंच. पण हे एवढंच मी हजार वेळा तरी केलं असेल.

या नकलेत शब्द थोडे आहेत. सगळी मजा कुजबुजण्याच्या तयारीत. मी मान तिरकी करतो, तोंडावर हाताचा आडोसा धरतो, डावीउजवीकडं कुणी बघत नाही ना ते बघून घेतो, मामाच्या कानाला लागतो आणि छाती भरून श्वास घेतो. आता काय होणार ते प्रेक्षकांना कळलेलं असतं. तरी थांबायचं. किती थांबायचं हे गावावर आहे. बेळगावचा प्रेक्षक आधी शेजाऱ्याकडं बघतो, त्याला वेळ द्यावा लागतो. निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका पहिली दहा मिनिटं पदर तोंडाला लावून बसतात, आणि पदर एकदा सुटला की मग तुम्हीच थांबा. चिकोडीत अर्धी माणसं कन्नड बोलणारी. तिथं मी शब्द आणखी कमी करायचो, मान आणि छाती तेवढी ठेवायचो. हशा तेवढाच यायचा. जास्त थांबलं की मात्र कुणीतरी खोकतो आणि सगळं गेलं. हे मला कुणी शिकवलं नाही. खोकल्यांनी शिकवलं.

"हे सुचलं कुठनं तुमाला?" असं कुणी विचारलं की मी "निरीक्षण" म्हणायचो. मोठा शब्द आहे, त्याच्या मागं बरंच काही लपतं. खरं म्हणजे ते सगळं आमच्या अण्णाचं आहे.

अण्णा माझा थोरला भाऊ, सात वर्षांनी मोठा. तो लहान वयातच घरच्या मागावर उभा राहिला आणि मी शाळेत गेलो. त्यात त्यागबिग काही नव्हता. त्याला शाळा आवडायची नाही, माग आवडायचा. शेडमध्ये सहा माग एकदम चालू असले की ओरडूनही उपयोग नसतो. तिथं माणसं आवाज न काढता बोलतात. ओठ मोठे करून हलवायचे आणि जोडीला हाताच्या खुणा करायच्या. आमची आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता शेडच्या या टोकावरून त्या टोकाला अख्ख्या गल्लीची खबर सांगायची, आणि आवाज म्हणाल तर एक नाही. मीही त्याच शेडमध्ये रांगलोय, ती भाषा मला येते. मात्र हीच माणसं बाहेर आली की ओरडून बोलतात. अण्णाचे कान पंचविशीतच गेले.

पहिली मुलगी बघायला आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात गेलतो. अण्णा, मी आणि आमचा मामा. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन आली आणि ताटातल्या वाट्या एकमेकींवर वाजायला लागल्या, इतके तिचे हात कापत होते. अण्णानं मान तिरकी केली, तोंडावर हात धरला आणि मामाच्या कानात कुजबुजला, "मामा, पोरगी भ्यालीया. काय इचारू नगासा. आत जाऊ दे तिला."

बाहेर कट्ट्यावर बसलेल्या माणसांनीही ते ऐकलं. दारातल्या बायका फुटल्या. मुलगीही हसली आणि हसतच आत गेली. मामा आढ्याकडं बघत राहिला. ते लग्न जमलं नाही, त्यांना नोकरीवाला पाहिजे होता आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. परत येताना एस्टीत अण्णानं मला विचारलं, "का हसल्या रं त्या?" मी त्याला ओठांनी सांगितलं. तो स्वतःच हसायला लागला. "म्हंजे सगळ्यांनी ऐकलं?" हे त्याचं अख्ख्या एस्टीनं ऐकलं.

मी त्याच वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते केलं. आणि करताना वाक्य बदललं. माझा माणूस मामाच्या कानात म्हणायचा, "मामा, पोरगीचं राहू दे. ती दारातली म्हस देत्यात का तेवढं इचार." भ्यालेल्या पोरीची बाजू घेणाऱ्या माणसाचा मी म्हशीवर डोळा असलेला बावळट केला. हशा चौपट झाला. विनोदाचं हे गणित मला तेव्हाच कळलं आणि ते वापरताना मला काहीही वाटलं नाही. अण्णा पहिल्या रांगेत होता. त्याला ती नक्कल आपलीच आहे हे कळलं, आणि आवडलीही. "म्हशीचं कुठनं आणलास रं? माझ्या डोक्यात आलंच न्हवतं," म्हणाला. म्हणून सांगतो, अण्णाची नक्कल केली हा माझा गुन्हा नाही. गुन्हा पुढं आहे.

चार वर्षांनी दुसरी मुलगी बघितली. चिकोडीकडची. तिची एक आत्या आमच्या वडगावशेजारच्या शहापुरात कांड्या भरायची, तिच्याकडं ही मुलगी सुट्टीत येऊन राहिलेली. म्हणजे शेडची भाषा तिला येत होती. हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. मोठी माणसं पावसापाण्याचं बोलत होती आणि ती समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. मी सहज बघितलं तर तिचे ओठ हलत होते. आवाज नाही. "चहा गार व्हायलाय."

अण्णानं कप उचलला नाही. तोही तसाच बोलला, "होऊ दे."

त्या खोलीत दहाबारा माणसं होती. एका माणसालाही पत्ता लागला नाही, माझ्याशिवाय. अण्णा त्या दिवशी एकदाही ओरडला नाही. नंतर एकदा तो तिच्या आत्याकडं म्हणून शहापुरात गेलता, तेव्हाही ती होती. परत आला तर स्वतःशीच ओठ हलवत होता. दोन्हीकडनं होकार झाला. साखरपुड्याचा दिवस तेवढा धरायचा राहिलेला. अण्णानं शेडच्या घराकडच्या खिडकीला बारीक जाळी बसवून घेतली, सुताची धूळ स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून. आमच्या आईनं ती धूळ तीस वर्षं खाल्ली होती, तिच्यासाठी कधी जाळी आली नव्हती. आई हे म्हणाली आणि खूश होऊन म्हणाली.

त्याच दिवसांत चिकोडीला माझा कार्यक्रम झाला. कुजबुज झाली, लोक उठून टाळ्या वाजवत होते. संयोजक माईक घेऊन स्टेजवर आला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, हे तुम्हाला सुचतं कुठनं. मी 'निरीक्षण' म्हणू शकत होतो. पण हशा अजून विरला नव्हता आणि मला त्याच्यावर आणखी एक पाहिजे होता. मी माईक हातात घेतला. "सुचायला कशाला पायजे? आमच्या घरातच हाय की. आमचा थोरला भाऊ. आता तर तुमच्या चिकोडीचीच पोरगी बघितलीया त्यानं. म्हशीसकट."

हशानं मंडप कोसळला. आम्हा लोकांना एक खोड असते, हसणाऱ्या पाचशेंपेक्षा न हसणारे दोघं आधी दिसतात. तिसऱ्या रांगेत दोन माणसं हसत नव्हती. त्या मुलीचे भाऊ. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला ओळखलेलंच होतं. मी वाकून नमस्कार केला आणि पुढची नक्कल सुरू केली.

चार दिवसांनी मामा शाळेत आला. प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. "ते नको म्हणालेत," म्हणाला. "अख्खा तालुका ज्याला हसतोय त्याच्या घरात पोरगी कशी द्यायची म्हणालेत. उद्या तिला कोण म्हशीवाल्याची बायको म्हणंल." आणि मग, "आता अण्णाला काय सांगू?"

माझ्या हातात परीक्षानळी होती. मी ती धूत राहिलो. "पत्रिका जमत न्हाय म्हणून सांगा."

"पत्रिका बघितलीच कुठं रं?"

"आता बघितली म्हणा."

मामानं माझ्याकडं बघितलं. तो मला ओळखून होता. पण मोडलेल्या लग्नाचं कारण जितकं लहान तितकं बरं, असं त्यालाही वाटलं असणार. त्यानं तसंच सांगितलं. अण्णा "बरं" म्हणाला आणि शेडमध्ये गेला. त्यानंतर त्यानं मुलगी बघायला यायचंच सोडलं. आई मागं लागली की म्हणायचा, "पत्रिकाच तसली असंल तर कशाला लोकांच्या घरचं पोहं खायचं?" आई गेली, मामा गेला. अण्णा आमच्याच घरात राहतो, आमच्याच ताटाला जेवतो, साठ वर्षांचा झाला.

आणि मी पुढं जवळजवळ तीस वर्षं कुजबुज करत राहिलो. दोनदा बंद करायचं बघितलं. लोक मागणी करत होते हे खरं, पण त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. ते पंधरा मिनिटं झाली की मला बरं वाटायचं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं चष्मा काढून डोळे पुसले की मी सगळं विसरायचो. विसरण्यासाठीच करायचो असं आता वाटतं. बायकोला मी सांगितलं होतं की चिकोडीच्या त्या लोकांना माझी नक्कल आवडली नाही, म्हणून जमलं नाही. माईकचं आणि पत्रिकेचं सांगितलं नव्हतं. तरी तिनं एकदा सांगून टाकलेलं, "ते तेवढं घरात करायचं न्हाय." लेकरांनाही माझी ती नक्कल घरात कधी बघायला मिळाली नाही.

यंदा निपाणीहून एका संयोजकाचा फोन आला. रविवारी संध्याकाळी कार्यक्रम. "आणि एक करा," तो म्हणाला, "नक्कल तुमच्या थोरल्या भावाची हाय म्हणून चिकोडीत ऐकलेलं. त्या ओरिजिनल अण्णांना घेऊन या. तुमची कुजबुज झाली की त्यांना वर बोलवू, शाल घालू. लोकांना लई आवडंल." अण्णा माझ्याच समोर जेवत बसला होता. मला नाही म्हणता आलं नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं बघून अर्धं ओळखलं आणि उरलेलं बायकोनं खुणेनं सांगितलं. तो घास हातात धरून म्हणाला, "मला? स्टेजवर?" समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. दुसऱ्या दिवशी तो केस कापून आला.

मी दोन दिवस जेवलो नाही म्हणण्यापेक्षा जेवलो ते कळलं नाही. ज्या नकलेनं त्याचं लग्न मोडलं तीच करायची, आणि तिच्याच शेवटी त्याला उभं करून टाळ्या वाजवायच्या, आणि त्याला काही माहीत नाही. बायको भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "तोंड का पाडलाय?" मग मी तिला उरलेलं अर्धं सांगितलं. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर गेल्यावर म्हणाली, "सांगा त्यांना. रविवारच्या आत. नायतर मी सांगंन. आणि मला ती ओठाची भाषा येत न्हाय. मी वरडून सांगंन."

अण्णाला काहीही खाजगी सांगायचं तर एकच जागा, चालू शेड. बाहेर त्याला ओरडून सांगावं लागतं आणि मग ते सगळ्या वडगावला सांगितल्यासारखं होतं. मी शुक्रवारी अर्धी रजा टाकली. आता शेडमध्ये तीनच माग आहेत. कोपऱ्यात कांड्या भरणारी एक म्हातारी आक्का होती. ती भाषा तिलाही येते, म्हणून मी तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो.

अण्णाच्या मागावर जांभळी साडी होती. मला बघून त्यानं ओठांनी विचारलं, "शाळा सुटली?"

"रजा काढलीया."

"निपाणीला कुठला शर्ट घालू?"

"ते राहू दे. एक सांगायचंय."

मी नट आहे. कुठं आवाज खाली घ्यायचा, कुठं थांबायचं, शब्द कसा गिळायचा, हे सगळं मला येतं. त्या भाषेत यातलं काहीच चालत नाही. आवाजच नाही तर खाली काय घेणार? पुटपुटलं तर समोरच्याला दिसतच नाही. प्रत्येक शब्द तोंड उघडून, पुरा करून द्यावा लागतो. मी म्हणालो, "चिकोडीची पोरगी. पत्रिकेचं खोटं होतं. मामाला मी सांगाय लावलं."

त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते. तेवढ्यात त्याच्या मागाचा धागा तुटला आणि माग थांबला. त्यानं गाठ मारली, माग परत चालू केला आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं. सांग. मी माईकचं सांगितलं, तिसऱ्या रांगेतल्या भावांचं सांगितलं, मामा शाळेत आलता ते सांगितलं. 'म्हशीसकट' हा शब्द सांगताना माझं तोंड सवयीनं हसण्याच्या आकारात गेलं, ते मी सरळ केलं.

अण्णानं मान फिरवली.

जो ओठ बघून ऐकतो त्यानं मान फिरवली की बोलणं संपतं. तुम्ही कितीही आक्रोश करा. मी तिथंच उभा राहिलो. तो मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याकडं बघत होता. हातभर साडी विणून झाली असेल. मी हललो नाही, ठरवूनच आलो होतो.

मग करंट गेला. तिन्ही माग एकदम थांबले. शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेरच्या नळाखाली घागर भरत असलेली ऐकू यायला लागली. माग बंद पडलेला अण्णाला दिसत होता, पण शांतता त्याला कशी कळणार? तो माझ्याकडं वळला, मान तिरकी केली, तोंडावर हाताचा आडोसा धरला, म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मला विचारलं,

"म्हंजे तिनं न्हाय म्हणलं न्हवतं?"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आक्काचा चरखा थांबला. बाहेर कुणीतरी नळ बंद केला. हे तेच होतं, मान, हात, छाती, सगळं तेच. मी हजार वेळा केलेलं. मी आक्काकडं बघितलं. तिनं डोळे खाली घातले होते.

मी ओठांनी उत्तर देऊ शकत होतो, त्याला पुरलं असतं. पण तो उघड्यावर विचारत होता आणि मी झाकून सांगायचं, हे मला जमेना. मी मोठ्यानं म्हणालो, घराघरांत ऐकू जाईल असं, "न्हाय म्हणलं न्हवतं. तिचं काय म्हणणं न्हवतं. माझ्यामुळं मोडलं. मी भरसभेत तुझं नाव घेतलं म्हणून मोडलं."

"मग तिला काय सांगिटलं?"

"ठावं न्हाय."

"ठावं करून ये." आता त्याचा हात तोंडावर नव्हता. "मी नको म्हणलो असं तिला सांगिटलं असंल तर ते खोटं हाय म्हणून सांगून ये. मग काय ते निपाणी."

शनिवारी सकाळी मी चिकोडीची बस धरली. त्या दोघा भावांपैकी थोरल्याचं भांड्यांचं दुकान आहे, तेवढं मला माहीत होतं. दुकानात तो एकटाच होता, केस पांढरे झालेले. मला बघून त्याच्या तोंडावर आधी ओळखीचं हसू आलं, नटाला बघून येतं तसं, आणि मग ते गेलं.

"बसा," म्हणाला. "कार्यक्रम हाय व्हय हिकडं?"

"कार्यक्रम न्हाय. इचारायला आलोय." आणि मी विचारलं.

तो एका पातेल्यावरचा कागद नखानं काढायला लागला. "अण्णाला पत्रिकेचं कारण सांगिटलंय असं तुमच्या मामानं सांगिटलं की आमाला. आमी पण घरात तेच सांगिटलं. मुलाकडनं पत्रिकेचं कारण आलं म्हणून. तिला आमी न्हाय म्हणलं हे कशाला सांगायचं? ती लई दिवस बोलत न्हवती आमच्याशी, मागनं सुधारली. आता कशाला उकरताय?"

"मला अण्णानं धाडलंय."

त्यानं बहिणीला फोन लावला. ती लग्न होऊन हुक्केरीकडं दिलेली, नातवंडं झालेली. "बेळगावचा तो नट आलाय. तुला काय तर सांगायचंय म्हणतोय," एवढंच बोलून फोन माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. फार वाक्यं लागली नाहीत. पलीकडं कुणीतरी मूल रडत होतं, ते गप्प झालं. मग ती म्हणाली, "म्हंजे त्यांनी न्हाय म्हणलं न्हवतं."

"न्हाय. त्याचं काय म्हणणं न्हवतं. चूक माझी."

"तुमची हाय ते कळलं." आवाज सपाट होता. "त्यांना सांगा, मला आज कळलं म्हणून. नीट सांगा. तोंड उघडून." आणि मग, "पोराला आंघोळ घालायचीया, ठेवते."

मी दुपारी परत आलो आणि तडक शेडमध्ये गेलो. अण्णाच्या समोर उभा राहिलो आणि तिचं वाक्य तिच्या शब्दांत सांगितलं. त्यानं परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं खूण केली, हळू. मी हळू सांगितलं. त्याचेही ओठ माझ्याबरोबर हलत होते.

"निपाणीला तू जा," तो नंतर म्हणाला. "मी न्हाय येत."

"मी कुजबुज करणार न्हाय."

"ते तुझं तू बग. मला काय इचारतोस? तवा इचारलं न्हाईस." आणि मान फिरवली.

निपाणीत मी संयोजकाला विंगेतच सांगितलं, अण्णा आला नाही आणि कुजबुज होणार नाही. तो म्हणाला, मग तुम्हाला बोलावलं कशाला? त्याचं चूक नव्हतं. मी स्टेजवर गेलो. लोकांनी पहिल्या पाच मिनिटांत मागणी सुरू केली. मी हात जोडून म्हणालो, ते आता माझ्याकडं नाही. त्यांना वाटलं हीच नकलेची सुरुवात आहे आणि ते हसले. मग खोकले सुरू झाले. मी प्रयोगशाळेतल्या सहायकाची नवी नक्कल केली, कच्ची होती, निम्मी पडली. बायकांचे पदर तोंडावरून हलले नाहीत. तीस वर्षांत असा पडलो नव्हतो. तरी दीड तास ठरला होता, दीड तास उभा राहिलो. शेवटी शेवटी एका कोपऱ्यात दोनचार जण हसले. ते नक्की कशाला हसले ते मी लक्षात ठेवलंय. तिथून बांधायला घेणार.

त्याला आता पाच महिने झाले. कुजबुज मी केलेली नाही आणि करणार नाही. निम्मे कार्यक्रम कमी झाले. अण्णा घरात जेवतो, बायकोशी बोलतो, माझ्या लेकीचा फोन आला की तिला हात करतो. माझ्याकडं काही दिवस बघतो, काही दिवस बघत नाही. बघत नाही त्या दिवशी मी त्याच्यासाठी नसतोच. ते त्याच्या हातात आहे आणि त्याच्याच हातात असलं पाहिजे.

दर रविवारी सकाळी मी शेडमध्ये जातो आणि त्याला दिसेन असा उभा राहतो. परवाच्या रविवारी त्यानं तासाभरानं मान वळवली. "नुस्ता काय उभारलायस? तिकडच्या मागाचं सूत बग, तुटलंय."

मी गेलो. लहानपणी मला गाठ येत होती, आता बोटं ऐकेनात. पहिली निसटली. तो आला, माझा हात बाजूला केला, एकदा मारून दाखवली आणि आपल्या मागाकडं गेला. सकाळभरात मी आणखी चार मारल्या. दोन टिकल्या. शाळेत आता परीक्षानळ्या वाळत घातल्या की मी टेबलाखाली सूत धरून गाठी मारत बसतो.